आत्यानं ठेवायचं नाव

मुलाचं नाव ठेवायचा मान आमच्याकडे आत्याचा. बडोद्यात हे काही मराठी घरांपुरतं नाही, गुजरात्यांतही नाव फोईच ठेवते, त्यामुळे वहिनीला तिसऱ्यांदा दिवस गेल्याचं कळलं तेव्हा शेजारच्या कोकिळाबेननी पहिली थाप माझ्या पाठीत मारली. "अली रोहिणी, फोई बनवानी थई, हवे तो डाही था!" शहाणी हो, असं त्या मला सांगत होत्या. मी अकरावीत होते आणि मला वाटायचं, आपण आधीच पुरेशा शहाण्या आहोत.

आम्ही समा भागात एका सोसायटीतल्या टेनामेंटमध्ये राहायचो. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर एक खोली, पुढे ओटा आणि ओट्यावर लोखंडी कड्यांचा हिंचका. हिंचक्याची उजवी कडी कुरकुरायची. आप्पा शाळेत गणित शिकवायचे, आणि त्यांना कुठलीही गोष्ट अंदाजाने बोललेली चालत नसे. "बरेच लोक आले होते" असं म्हटलं की "बरेच म्हणजे किती?" हा प्रश्न ठरलेला. मी त्यांची मुलगी. दुधाच्या पिशव्या, गॅसचा बाटला किती दिवस पुरला, कोणाचा वाढदिवस कोणत्या वारी येतो, हे सगळं घरात मला विचारलं जायचं, आणि मी सांगितलेलं कोणी पुन्हा तपासून पाहत नसे. ही माझी प्रौढी होती. आज हे लिहिताना तो शब्द मी मुद्दाम वापरते आहे.

वहिनीची आधीची दोन गरोदरपणं पूर्ण झालीच नव्हती. पहिलं तिसऱ्या महिन्यात गेलं, त्याबद्दल घरात कोणी फारसं बोलत नसे. दुसरं सहाव्या महिन्यात गेलं आणि त्याला मात्र आम्ही सगळे पोटात असतानाच एका नावाने हाका मारत होतो. दादा कामावरून आला की वहिनीच्या पोटाशी वाकून ते नाव घ्यायचा, आई सुद्धा हसत हसत घ्यायची. ते नाव मी इथे लिहीत नाही. ते मूल गेल्यावर ते नाव आमच्या घरातून गेलं, इतकं की दूरदर्शनवर त्या नावाची कोणी बाई बातम्या द्यायला आली तर आई उठून टीव्ही बंद करायची.

तिसऱ्या खेपेला पाचव्या महिन्याच्या तपासणीला डॉक्टरीणबाई वहिनीला म्हणाल्या, "औषधं आम्ही दिली आहेत, आता तुम्ही फक्त विश्वास ठेवा." घरी आल्यावर वहिनी हिंचक्यावर बसली. दिवाळी होऊन गेली होती. आईने ओल्या तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडल्या होत्या, त्या आम्ही दोघी सोलून खात होतो. ती मला म्हणाली, "रोहिणी, नाव तूच ठेवायचं आहेस. पण मला त्या अर्थाचं हवं. विश्वास, श्रद्धा, जे काय असेल ते. राशीचं अक्षर बिक्षर काही नको."

"मग श्रद्धाच ठेवू की. मुलगा झाला तर विश्वास."

"तुझ्या वर्गात श्रद्धा किती आहेत?"

"तीन. आणि आस्था दोन."

"मग? माझी सहावी का व्हावी?" ती हसली. मग तिने शेंगांचं ताट बाजूला ठेवलं आणि माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला. "आणि एक. बाराव्या दिवसाच्या आधी नाव उच्चारायचं नाही. मनात काय ते ठेव. आईंनी विचारलं तरी नाही, ह्यांनी विचारलं तरी नाही, मी म्हटलं तरी नाही. घे शपथ."

"तू म्हटलंस तरी?"

"मी म्हटलं तरी. गेल्या वेळी पहिली हाक मीच मारली होती."

मी शपथ घेतली. त्यानंतरचे दोन महिने मी आयुष्यात जितक्या आनंदाने एखादं काम केलं असेल तितक्या आनंदाने श्रद्धा या अर्थाची नावं गोळा केली. वहीत रकाने आखले: नाव, भाषा, कोणी सांगितलं, मुलाचं की मुलीचं. श्रद्धा, निष्ठा, आस्था ही घरचीच. वाडी भागात आमचे ब्लाउज शिवणाऱ्या रझियाबेन होत्या, त्यांनी मशीनचं चाक हाताने थांबवून क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "ईमान. छोकरी होय के छोकरो, बन्नेने चाले. राखजो बेटा, बहु सरस नाम छे." कोकिळाबेनच्या वरच्या खोलीत जोसेफ नावाचा केनियाचा विद्यार्थी भाड्याने राहायचा. तो आम्हाला रोज फाटकातून "केम छो, मजामा?" असं इतक्या मोठ्याने विचारायचा की आई दचकायची. त्याने सांगितलं, "स्वाहिलीत इमानी. माझ्या धाकट्या बहिणीचं नाव." आप्पांकडे गणिताची जुनी रशियन पुस्तकं होती, ती त्यांना देणाऱ्या मित्राकडून 'वेरा' मिळालं. वारसियातल्या कापडवाल्या काकांनी 'वेसाह' हा सिंधी शब्द दिला, पण वर म्हणाले, असं नाव ठेवलेलं आपण कधी ऐकलेलं नाही. कॉलेजच्या ग्रंथालयातल्या बाईंनी एक जाड कोश उघडून 'एमुना' हे हिब्रू नाव शोधून दिलं.

ईमान आणि इमानी ही एक मोजायची की दोन, यावर माझं अडलं. मी आप्पांना विचारलं.

"सांगणारी माणसं किती?"

"दोन."

"भाषा?"

"दोन."

"मग दोनच," आप्पा म्हणाले.

आईचं मत वेगळं होतं. "असली नावं ठेवलीत तर शाळेत घालताना मास्तर विचारतील, तुम्ही नक्की कोण. दिवस कसले आहेत, कळतं ना?"

"घालायचं तेव्हा बघू," वहिनी आतून म्हणाली. "आधी यायचं तर ठरू दे तिचं." मुलगीच होणार असं ती धरून चालली होती.

जानेवारीपर्यंत सदतीस नावं झाली. मुलींची बावीस, मुलांची नऊ आणि दोघांनाही चालतील अशी सहा. हल्ली माझ्या मुलीने फोनवर मला अशी एक यादी दाखवली, शंभराच्या वर नावं, बोट वर सरकवलं की पुढची येतात. तिच्या मैत्रिणीला हवी होती म्हणून ती मोठ्याने वाचत होती. मी उठून गॅलरीत गेले आणि वाळलेले कपडे काढत बसले. तिला वाटलं, मला कंटाळा आला.

उत्तरायण होऊन गेलं होतं. सोसायटीच्या लिंबावर फाटके पतंग लटकत होते आणि स्कूटरवाले अजून गळ्याला मफलर गुंडाळून जात होते, मांजाच्या भीतीने. वहिनीला सातवा संपत आला होता. बुधवारी संध्याकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं, दादा आणि आई तिला रिक्षाने घेऊन गेले, आणि गुरुवारी पहाटे मुलगी झाली. आई सकाळी घरी आली ती दवाखान्याचं कार्ड घेऊन. त्यावर गुरुवारची तारीख होती, वेळ चार वाजून पन्नास मिनिटं, वजन एक किलो एकशे चाळीस ग्रॅम. आईने देवापुढे दिवा लावला, पण पेढे आणायला कोणाला सांगितलं नाही. चहा गाळता गाळता तिने मला विचारलं, "बारावा कधी येतो गं?"

मी कार्ड पाहिलं, भिंतीवरच्या कालनिर्णयासारख्या कॅलेंडरपाशी गेले, बोटांनी मोजलं आणि पुढल्या सोमवारच्या नंतरच्या सोमवारी लाल पेनने गोल केला. "सोमवारी."

"बरं," आई म्हणाली.

बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. पेटीला बाजूला दोन गोल भोकं होती, त्यातून हात आत घालता यायचा. वहिनी स्टुलावर बसून तासन् तास एक बोट आत धरून ठेवायची. बाळाची मूठ त्या बोटाच्या एका पेरालासुद्धा पुरी पडत नव्हती. त्या खोलीच्या सिस्टर मारियम्मा केरळच्या, वीस वर्षं बडोद्यात राहून गुजराती, हिंदी आणि थोडं मराठी एकाच वाक्यात बोलायच्या. मी त्यांनाही नाव विचारलं होतं. "विश्वासम. पण कोई रखता नहीं. फेथ रखते हैं आमच्याकडे. मेरी चाची की लडकी, फेथ. बहुत झगडाळू आहे." त्या मला रोजचं वजन सांगायच्या आणि मी ते लिहून घ्यायची. पहिले पाच दिवस ते उतरलं. उतरतंच, त्या म्हणाल्या. मग दोन दिवस थांबलं, मग तीन दिवस चढलं. दहाव्या दिवशी एक किलो एकशे दहा होतं. घरी मी ते आकडे वाचून दाखवले तेव्हा आप्पांनी चष्मा काढून पुसला. कोकिळाबेननी बाळंतिणीसाठी बत्तीस मसाल्यांचं काटलुं करून डब्यात भरून दिलं. आईने अळिवाची खीर पाठवली. वहिनी दोन्ही थोडं थोडं खायची, पेटीकडे पाहत.

आता ज्या दिवसाबद्दल लिहायचं आहे तो रविवार. सकाळी आईने माझ्याकडून पाव किलो हरभरे भिजत घालून घेतले. बारशाला घुगऱ्या लागतातच, आणि पाळणा नसला, बाळ पेटीत असलं, तरी वॉर्डात वाटण्यापुरत्या करू, असं तिचं म्हणणं होतं. तीन वाजता मी डबा घेऊन दवाखान्यात गेले. बाहेरच्या बाकावर दादा बसला होता. डॉक्टर त्याच्याशी बोलून गेले होते. तो मला म्हणाला, "रात्रीपासून श्वास थांबतोय तिचा. परत सुरू करतात. परत थांबतो." त्याने डबा माझ्या हातातून घेतला आणि मांडीवर धरून बसला.

आत वहिनीने मान न वळवता मला ओळखलं. "आलीस? इकडे ये. नाव सांग."

मी पेटीजवळ जाऊन उभी राहिले.

"रोहिणी, नाव सांग तिच्या कानात. हळू सांग. मलाही ऐकू नाही आलं तरी चालेल."

"वहिनी, उद्या बारावा आहे."

"आज सांग."

"तूच शपथ घातलीस. तू म्हटलंस तरी नाही, असं."

"मीच सोडवते तुला. ही बघ, सोडवली."

खरं सांगायचं तर दोन गोष्टी होत्या आणि त्यातली एक मी पुढे कित्येक वर्षं कोणाला सांगितली नाही. पहिली ही की मी घाबरले होते. आपण आज नाव घेतलं आणि काही झालं तर ते आपल्या तोंडून झालं, असं मला वाटत होतं. दुसरी ही की मी नाव ठरवलंच नव्हतं. सदतीसांतून तीन उरली होती आणि शेवटची निवड मी रविवारी संध्याकाळसाठी ठेवली होती, परीक्षेच्या आदल्या दिवशी उजळणी ठेवावी तशी. मी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. चार वाजून वीस मिनिटं झाली होती. मी म्हणाले, "सोमवार लागायला सातच तास चाळीस मिनिटं आहेत, वहिनी."

तिने तेव्हा माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादी अनोळखी मुलगी मध्येच येऊन काही विचारते आणि तिला काय हवं आहे ते आपल्याला कळत नाही, तसं पाहिलं. मग परत पेटीकडे वळली. "तू घरी जा," ती म्हणाली. "आईंना मदत कर."

मी गेले. बसमध्ये मी त्या तीन नावांचा विचार करत होते. घरी येऊन हरभऱ्यांचं पाणी बदललं. सहा वाजून पाच मिनिटांनी बाळ गेलं. साडेसहाला कोकिळाबेनकडे फोन आला, आमच्याकडे फोन नव्हता. त्या आमच्या ओट्यावर आल्या आणि हिंचक्याची कडी धरून उभ्या राहिल्या. 

लहान बाळाला जाळत नाहीत. दादा आणि आप्पा तिला घेऊन गेले आणि पुरून आले. वहिनीला दवाखान्यातून घरी आणलं, तिला आतल्या खोलीत झोपवलं. सोमवारी सकाळी आईने गुरुजींना बोलावलं, सुतक किती धरायचं ते विचारायला. गुरुजी आमच्या जुन्या ओळखीचे, सायकलवरून यायचे. ओट्यावर बसून त्यांनी पिशवीतून पंचांग काढलं.

"नाव ठेवलं होतं का?"

"नाही," आई म्हणाली. "आज बारावा होता. आज ठेवायचं होतं."

"जन्म कधीचा?"

"गुरुवारचा. पहाटे चार पन्नास," मी सांगितलं.

गुरुजींनी पान उलटलं. "पहाटे चार पन्नास म्हणजे सूर्योदयाच्या आधी. सूर्योदय सात वीसला होता. म्हणजे वार बुधवारच." मग त्यांनी अंगठ्याने बोटांची पेरं मोजली, सावकाश, एकेक. "बारावा काल झाला."

आपण काय सांगितलं ते गुरुजींच्या लक्षात आलं नसावं. ते नाव ठेवलेलं नसलं तर केवळ स्नानाने शुद्धी होते वगैरे सांगत राहिले. दिवस सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत धरतात हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. एकादशी कधी धरायची, संकष्टीला चंद्र कधी, हे आईला मीच सांगायची. पण कार्डावर छापील आकड्यांत तारीख होती आणि छापील आकड्यावर मी कधी शंका घेत नसे. आईने मला विचारलं, मी सांगितलं, आणि माझा हिशोब कधी चुकत नाही म्हणून तिने पुन्हा पाहिलं नाही. रविवारी सूर्योदयापासून बारावा दिवस चालू होता. चार वीसला, मी घड्याळ पाहिलं तेव्हा, तो चालूच होता. शपथ मोडायची गरजच नव्हती.

आतल्या खोलीचं दार उघडं होतं. वहिनी जागी होती, मला तिचे पाय दिसत होते. गुरुजी गेल्यावर आप्पा उठले, कॅलेंडरपाशी गेले, माझ्या लाल गोलाकडे पाहिलं आणि म्हणाले, "सूर्योदय धरायला हवा होता, रोहिणी." एवढंच. ते मला आयुष्यात कधी रागावले नव्हते, तेव्हाही रागावले नाहीत. आईने हरभऱ्यांची उसळ केली. टाकणार कुठे? दोन दिवस आम्ही ती खाल्ली. मोड आले होते.

त्यानंतर वहिनीला मूल झालं नाही. दोघांनी उपाय केले, मग सोडून दिले. मी शिकले, विम्याच्या कचेरीत लागले, लग्न होऊन वासण्याला गेले, मला दोन मुलं झाली. त्यांची नावं त्यांच्या आत्यानं ठेवली आणि दोन्ही बारशांना वहिनी आली, चांदीचा वाळा घेऊन आली, पाळण्याची दोरी धरून तिने गाणी म्हटली. तिने मला कधी एका शब्दाने टोचलं नाही. ती टोचेल याची मी इतकी वाट पाहिली की न टोचणं हीच शिक्षा आहे असं मला वाटायला लागलं. तसं नव्हतं. ती फक्त माझ्याशी तेव्हापासून पाहुण्यासारखी वागत होती.

कचेरीत एकदा कोणीतरी सांगितलं की जन्मनोंदीत नाव रिकामं राहिलं असेल तर ते पंधरा वर्षांपर्यंत भरता येतं. मी मोजलं. काही महिने उरले होते. या खेपेला तारीख दोनदा तपासली, मग रजा काढून नोंदणीच्या कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने रजिस्टर काढलं, जन्माची नोंद पाहिली, मग दुसरं रजिस्टर काढलं. "बेन, आमां तो मरण पण नोंधायेलुं छे," तो म्हणाला. "हवे नाम शुं करवा?" आता नाव कशाला, असं त्याचं म्हणणं होतं.

"लिहायचं आहे," मी म्हटलं.

तो बरा माणूस होता. पुन्हा काही विचारलं नाही. फॉर्म दिला आणि खाली बोट ठेवून म्हणाला, मा-बापनी सही लावजो.

मी तशीच समाला गेले. दादा कामावर होता. आई-आप्पा तोवर राहिले नव्हते. वहिनी स्वयंपाकघरात जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत होती. मी फॉर्म तिच्यापुढे ठेवला आणि कशासाठी आहे ते सांगितलं. तिने ओले हात पदराला पुसले, फॉर्म उचलला, दोन्ही बाजू वाचल्या.

"नावाची जागा कोरी आहे."

"ते तू सांग. मी काढलेल्या नावांपैकी कुठलंही चालेल, नाहीतर तुला हवं ते. मी लिहीन."

"तिला नाव आहे, रोहिणी."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"तू घरी गेलीस ना, त्यानंतर ठेवलं. मारियम्मांनी वरचं झाकण उघडून दिलं. मीच वाकून सांगितलं. दोनदा सांगितलं." ती हे इतक्या साधेपणाने म्हणाली, जणू भाजी केव्हा फोडणीला टाकली ते सांगते आहे.

"कुठलं?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"माझ्यातलं होतं का? मी गोळा केलेल्यातलं?"

"तेव्हा तुझं काही कोणाच्या लक्षात होतं का?" ती म्हणाली, आणि मग बहुधा माझा चेहरा पाहून, "राहू दे ते माझ्याकडे. तुला नको." तिने फॉर्म दुमडून माझ्या पर्सवर ठेवला. "आलीच आहेस तर मेथी निवडायला बस. फार आहे."

मी बसले. पानं एका बाजूला, देठं एका बाजूला. आम्ही दोघींनी तीन जुड्या संपवल्या. पाच वाजता दादा आला, त्याने माझ्यासाठी चहा ठेवला, मुलं कशी आहेत विचारलं. त्याला मी फॉर्मचं काही बोलले नाही. ते नाव त्याला माहीत आहे की वहिनीने त्यालाही सांगितलेलं नाही, हे मी विचारू शकले असते. आज दादा नाही, वहिनी आहे, मी दर रविवारी तिच्याकडे जाते, आणि अजून विचारलेलं नाही.